सार्वजनिक सायकल योजना : सायकली गेल्या, दोष कोणाचा?

(शहर आणि वाहतूक या विषयावरील जाहीर व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



नाटकाचं परीक्षण होतं, पुस्तकाचं होतं. महापालिकेच्या योजनेचं परीक्षण मात्र आपल्याकडे होत नाही. योजना जाहीर झाली की मोठी बातमी, फीत कापली की फोटो, आणि बंद पडली की आतल्या पानावर चार ओळी. मधल्या काळात काय झालं, कुठे बिघडलं, हे कोणी नीट मांडत नाही. त्यामुळे पुढच्या शहरात तीच योजना त्याच चुकांसकट परत येते. आज मला सार्वजनिक सायकल योजनेचं असं परीक्षण करायचं आहे. निमित्त असं, की आपल्यासारख्या मध्यम शहरांमध्ये हा विषय दर दोन-तीन वर्षांनी निघतो. कोणीतरी सादरीकरण करतं, पडद्यावर पॅरिसचे फोटो दाखवले जातात आणि सभागृहात टाळ्या पडतात.

योजना थोडक्यात अशी. शहरात ठिकठिकाणी सायकली ठेवलेल्या असतात. तुम्ही एका ठिकाणाहून घ्यायची, दुसऱ्या ठिकाणी सोडायची, वापराचे पैसे द्यायचे. सायकल तुमच्या मालकीची नाही, घरी न्यायची नाही, पंक्चर काढायचं काम तुमचं नाही. बसमध्ये आपण सीटचे मालक नसतो, तसंच.

आता पुण्याची गोष्ट बघू, कारण आपल्याकडे यावर बोलताना पहिलं उदाहरण पुण्याचंच निघतं. डिसेंबर २०१७ मध्ये स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने औंधमध्ये आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात सायकली आल्या. झूमकार कंपनीच्या 'पेडल' या योजनेने सुरुवात झाली. पाठोपाठ ओफो आली, मोबाईक आली, युलू आली. त्याच डिसेंबरात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखडाही मंजूर केला, ८०० किलोमीटरहून लांब सायकलमार्गांच्या जाळ्याचा. म्हणजे कागदावर सगळं जुळून आलं होतं. सायकली आहेत, मार्ग येणार आहेत, आणि शहर तर एकेकाळी सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जाणारं.

पुढे काय झालं? २०१८ च्या मध्यात ओफोने भारतातला गाशा गुंडाळला. २०१९ मध्ये मोबाईकही गेली. पेडल बंद झाली. जेमतेम दोन वर्षांत त्या पिवळ्या, केशरी, हिरव्या सायकली रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या. काही सायकली मोडून पडलेल्या, काहींना लोकांनी स्वतःची कुलपं घातलेली, काहींची चाकंच गायब.

आणि मग निकाल लागला. तो निकाल तुम्ही ऐकलाय, कदाचित स्वतः दिलाही असेल. "आपल्या लोकांची मानसिकताच नाही हो. फुकट दिलं की मोडून ठेवतात."

मंडळी, मला आज याच निकालाचं फेरपरीक्षण करायचं आहे.

पॅरिसपासून सुरुवात करू, सादरीकरणात तेच असतं म्हणून. पॅरिसची 'वेलिब' योजना १५ जुलै २००७ ला सुरू झाली. सुरुवातीला सुमारे १०,००० सायकली, वाढत त्या २०,००० च्या वर गेल्या. पडद्यावर जे दाखवत नाहीत ते असं : २००९ पर्यंत, म्हणजे दोनेक वर्षांत, सुरुवातीच्या सायकलींपैकी सुमारे ८० टक्के सायकली चोरीला गेल्या होत्या किंवा मोडल्या होत्या. ऐंशी टक्के! सेन नदीतून सायकली काढल्या गेल्या, काही दिव्याच्या खांबांवर लटकलेल्या सापडल्या. ही पॅरिसच्या सुशिक्षित लोकांची मानसिकता, बरं का.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरचंही तेच. सप्टेंबर २०१८ मध्ये मोबाईकने तिथून माघार घेतली. कारण काय दिलं? चोरी आणि मोडतोड. दर महिन्याला सुमारे १० टक्के सायकली हातातून जात होत्या.

दोन्हीकडे मोडतोड झाली. पॅरिसमध्ये योजना टिकली, मँचेस्टरमध्ये गेली. मग मोडतोड हे कारण कसं धरायचं? मोडतोड हा धंद्यातला खर्च आहे. बसची काच फुटते, रेल्वेची सीट फाटते, सार्वजनिक शौचालयातले नळ जातात. म्हणून कोणी बस बंद करत नाही. नवी काच बसवतात. प्रश्न एवढाच, की काच बसवायची जबाबदारी कोणाची आणि तिचे पैसे कुठून येणार.

पॅरिसमध्ये महापालिकेने जाहिरातींच्या एका मोठ्या कंपनीशी करार केला होता. शहरातल्या सोळाशेहून अधिक जाहिरात फलकांचे हक्क कंपनीला, आणि बदल्यात सायकली चालवायच्या. सायकली मोडू लागल्या तेव्हा कंपनी म्हणाली, हे परवडत नाही. वाद झाला, करारात बदल झाला, नव्या सायकलींच्या खर्चाचा काही भार शहराने उचलला. पण कंपनीला उठून निघून जाता आलं नाही, कारण ती कराराने बांधलेली होती. पुढे २०१८ मध्ये नवा कंत्राटदार आला आणि योजनेची दैना झाली. स्थानकं वेळेत उभी राहिली नाहीत, सायकली मिळेनात, लोक संतापले. तेव्हा कंत्राटदाराला दंड झाला. योजना आजही चालू आहे. म्हणजे तिथेही घोळ होतातच. पण घोळ झाल्यावर कोणाची कॉलर धरायची हे ठरलेलं असतं.

आता पुण्याकडे याच नजरेने बघा. तिथल्या योजनेचं सगळ्यात मोठं कौतुक कशाचं झालं? महापालिकेचा सायकलींवर खर्च नाही याचं. कंपन्या स्वतःच्या सायकली आणणार, स्वतः चालवणार, पालिकेने फक्त जागा द्यायची. ऐकायला किती छान! पण जो माणूस तुमच्याकडून काहीच घेत नाही, तो तुमचं काही लागतही नाही. निघून जायचं म्हटल्यावर त्याला अडवणार कोण, आणि कशाच्या जोरावर?

हा पैसा मुळात येत कुठून होता, तेही बघायला हवं. २०१६ ते २०१८ या काळात चीनमध्ये स्टँडशिवायच्या सायकलींची लाट होती. सायकल कुठेही सोडा, मोबाईलवर कुलूप उघडा. गुंतवणूकदार पैसा ओतत होते. भाड्यातून खर्च निघत नव्हता, पण जास्तीत जास्त शहरांत पोचलो हे दाखवणं गरजेचं होतं. एप्रिल २०१८ मध्ये मेइतुआन या चिनी कंपनीने मोबाईक विकत घेतली, सुमारे २७० कोटी डॉलरना. नव्या मालकाने हिशेब मांडला आणि परदेशातले व्यवसाय बंद करायला सुरुवात केली. ओफोची तर त्याहून वाईट गत. २०१८ च्या अखेरीस तिथे एक कोटीहून जास्त ग्राहक आपली अनामत रक्कम परत मागत रांगेत होते.

म्हणजे औंधमधली सायकल टिकणार की नाही, हे औंधमधल्या माणसाच्या हातात नव्हतंच. त्याने ती कितीही जपून वापरली असती, तरी ती गेलीच असती. आणि आपण इथे बसून त्याच्या मानसिकतेवर बोलतोय.

बरं, आपल्या लोकांना सायकलची सवय नाही हेही खरं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमात खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, आणि त्या मुली रोज त्यावरून जातात. सायकल कोण विसरलंय? सादरीकरण बघणारे विसरलेत. शहरातला गवंडी, वॉचमन, दूधवाला, पेपरवाला कधीच विसरला नव्हता.

आणखी एक आठवण करून देतो. इथे पन्नाशीच्या पुढचे बरेच जण दिसतायत. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं आठवतात ना? प्रत्येक पेठेत एक तरी असायचं. पाटीवर दर, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या काळ्या सायकली, एक वही. नाव, पत्ता, नेल्याची वेळ. पंक्चर झाली तर कोणाचं, चेन तुटली तर कोणाचं, याचे नियम सगळ्यांना तोंडपाठ. बाहेर एक मुलगा सतत काहीतरी दुरुस्त करत बसलेला. ही आपली सार्वजनिक सायकल योजनाच होती, पालिकेशिवायची. ती चालायची, कारण सायकल आणि तिची निगा राखणारा माणूस एकाच जागी होते. तिची मर्यादाही तीच : सायकल परत त्याच दुकानात आणून द्यावी लागायची. नव्या योजनेने ही मर्यादा काढली, हे मोठंच काम आहे. पण त्याबरोबर दुकानदारही काढून टाकला. त्याच्या जागी मोबाईलवरचं एक चित्र आलं. चित्र हवा भरत नाही.

आता दुसरं उदाहरण, आपल्या आकाराला जास्त जवळचं. म्हैसूर. लोकसंख्या तेव्हा नऊ-दहा लाखांच्या आसपास, रुंद रस्ते, बरंचसं सपाट शहर. जून २०१७ मध्ये तिथे 'ट्रिन ट्रिन' ही योजना सुरू झाली. ४५० सायकली, पन्नासच्या आसपास स्थानकं. फरक कुठे होता? सायकली आणि स्थानकं सार्वजनिक पैशातून उभी राहिली. जागतिक पर्यावरण सुविधा निधीचं साहाय्य होतं, कर्नाटकचं नागरी भू-वाहतूक संचालनालय होतं, महापालिका होती. चालवायला खाजगी कंपनी, पण करारावर. सायकल ठरलेल्या स्टँडवरून घ्यायची, ठरलेल्या स्टँडवरच लावायची. कार्ड घेऊन सभासद व्हायचं, म्हणजे भारी मोबाईल नसला तरी चालतं.

चीनची लाट आली आणि ओसरली. ट्रिन ट्रिन त्यानंतरही चालू राहिली. गाजावाजा नव्हता, पण ती होती. विद्यार्थी वापरत होते, पर्यटक वापरत होते, सकाळी राजवाड्याच्या बाजूला त्या सायकली दिसायच्या.

पण परीक्षण करायचं म्हटल्यावर म्हैसूरलाही सोडायचं कारण नाही. तिथली चूक वेगळी होती. सायकली फार थोड्या आणि शहर फार मोठं. या क्षेत्रात आयटीडीपी संस्थेची २०१३ ची मार्गदर्शिका बऱ्यापैकी प्रमाण मानली जाते. तिच्यात म्हटलंय, की एका चौरस किलोमीटरमध्ये १० ते १६ स्थानकं हवीत. म्हणजे साधारण ३०० मीटरवर एक. का? कारण सायकल घ्यायला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागलं तर माणूस विचार करतो, की तेवढ्यात रिक्षा मिळेल. आता या हिशेबाने पन्नास स्थानकं किती भागाला पुरतील? तीन ते पाच चौरस किलोमीटरना. आणि म्हैसूर शहर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं. स्थानकं विखुरली. एका ठिकाणी सायकल मिळते, पण जिथे जायचंय तिथे स्टँडच नाही. पुढे सायकली जुन्या झाल्या, तक्रारी वाढल्या, विस्ताराची चर्चा वर्षानुवर्षे चालत राहिली.

ही चूक का होते, हे सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पन्नास स्टँड मंजूर झाले की प्रत्येक नगरसेवक म्हणतो, माझ्या प्रभागात एक तरी हवा. न्याय म्हणून ते बरोबर वाटतं. पण सायकलीचा स्टँड म्हणजे समाजमंदिर नव्हे, की प्रत्येक प्रभागात एकेक दिलं की झालं. एकटा स्टँड कोणाच्याच उपयोगाचा नाही. त्याची किंमत शेजारच्या स्टँडवर ठरते. टेलिफोनसारखं आहे हे. गावात एकाच घरी फोन असेल तर तो करणार कोणाला?

म्हणून मध्यम शहराचा खरा फायदा इथे सांगतो. कोल्हापूर घ्या. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, सीपीआर रुग्णालय, अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, रंकाळा. हे सगळं चार-पाच किलोमीटरच्या आत. रोज बाहेरगावहून एसटीने येणारी माणसं याच भागात फिरतात : रुग्णालयात, कचेरीत, बाजारात, कॉलेजात. त्यांच्याकडे इथे स्वतःची गाडी नसते. ती प्रत्येक वेळी रिक्षा करतात किंवा पायी जातात. या पट्ट्यात दाट स्टँड टाकले, तर पाचशे सायकलींमध्ये योजना उभी राहू शकते. तेवढ्याच सायकली सगळ्या शहरभर पसरल्या, तर सहा महिन्यांत बातमी येईल की लोकांचा प्रतिसाद नाही. फ्रान्समध्ये हे पॅरिसच्या आधी छोट्या शहरांनीच करून पाहिलं. ला रोशेल या बंदराच्या गावाने १९७४ मध्ये पिवळ्या सायकली आणल्या, रेनने १९९८ मध्ये कार्डावर चालणारी योजना आणली.

आता पैशाचं बोलू. तिथेच सगळे गप्प होतात. एक साधा हिशेब मांडतो. समजा ५०० सायकली. प्रत्येक सायकल दिवसाला चार फेऱ्या करते. हे चांगल्या योजनेचं लक्षण आहे, मार्गदर्शिकेत चार ते आठ अपेक्षित आहेत. फेरीला पाच रुपये. दिवसाचे झाले १०,००० रुपये, महिन्याचे तीन लाख. आता खर्च. दहा मेकॅनिक, टेम्पोवरचे नऊ-दहा जण, नियंत्रण कक्षात चार-पाच. समजा चोवीस माणसं, सरासरी पगार १८,०००. चार लाख बत्तीस हजार. टायर, ट्यूब, ब्रेक, डिझेल अजून धरलंच नाही.

टेम्पो कशाला, असं कोणीतरी विचारेल. सकाळी सगळे बसस्थानकावरून कॉलेजकडे जातात. दहा वाजता कॉलेजचा स्टँड भरलेला, बसस्थानकाचा रिकामा. जाणाऱ्याला जागा नाही, येणाऱ्याला सायकल नाही. उताराच्या गावात तर लोक खाली सायकलने येतात आणि वर रिक्षाने जातात. मग दिवसभर सायकली टेम्पोत घालून इकडून तिकडे न्याव्या लागतात. योजनेचा जीव या टेम्पोत असतो, आणि उद्घाटनाच्या फोटोत तो कधीच नसतो.

म्हणजे भाड्यातून खर्च निघत नाही. बहुतेक ठिकाणी निघत नाहीच. पण पुण्यातली पीएमपी बस तरी तिकिटावर चालते का? तिची तूट दरवर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका भरून देतात, आणि दिलीच पाहिजे, कारण बस ही शहराची गरज आहे. मग सायकलीच्या वेळी 'पालिकेला एक रुपयाही खर्च नाही' हे कौतुक कसं काय होतं? उड्डाणपुलाबद्दल असं कोणी म्हणतं का, की एकही रुपया खर्च नको, एखादी कंपनी बांधून देईल तर बघू?

माझं म्हणणं इतकंच आहे. शहराला सायकल सार्वजनिक वाहतूक म्हणून हवी असेल तर तिच्यासाठी पैसे मोजायला हवेत. फुकट मिळते म्हणून हवी असेल, तर ती फुकट मिळालेल्या वस्तूसारखीच जाईल. आणि जाताना एक नुकसान करून जाईल : पुढची वीस वर्षं सभागृहात कोणीही सायकलचं नाव काढलं की उत्तर तयार असेल, "केलं होतं की, लोकच वापरत नाहीत." सायकली भंगारात जातात तेव्हा पाचशे सायकलींचं नुकसान होतं. हा निकाल रुजतो तेव्हा ज्याला पेट्रोल परवडत नाही त्याचा रस्त्यावरचा हक्क जातो.

शेवटी, पुढच्या वेळी आपल्या शहरात सादरीकरण होईल तेव्हा विचारायचे चार प्रश्न देतो. सायकल मोडल्यावर किती तासांत दुरुस्त होणार आणि नाही झाली तर दंड किती? कंपनी मध्येच गेली तर सायकली आणि स्टँड कोणाचे? मोबाईल किंवा बँकेचं कार्ड नसलेल्या माणसाला सायकल कशी मिळणार? आणि पाच वर्षांचे चालवण्याचे पैसे अंदाजपत्रकात कुठल्या पानावर आहेत? या चारांची उत्तरं लेखी मिळाली तर टाळ्या वाजवा. मीही वाजवीन.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतील दोन प्रश्न)

प्रश्न : सर, आता इलेक्ट्रिकचा जमाना आहे. साध्या सायकली कशाला?

उत्तर : चढाच्या शहरात इलेक्ट्रिकचा फायदा आहेच, मान्य. पण युलूकडे बघा. बंगळूरमध्ये साध्या सायकलींनी सुरुवात केली, मग इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळली, आणि आज त्यांच्या कितीतरी गाड्या घरपोच जेवण आणि सामान पोचवणारी मुलं चालवताना दिसतात. कंपनीने उत्पन्न दिसलं तिकडे जाणं यात काही गैर नाही. पण मग ती शहराची वाहतूक योजना राहिली, असं म्हणता येणार नाही. बॅटरी आली म्हणून माझे चार प्रश्न सुटत नाहीत. उलट पाचवा येतो : बॅटरी बदलणार कोण?

प्रश्न : आधी सायकलमार्ग की आधी सायकली?

उत्तर : पुण्यात बीआरटीबरोबर मार्ग झाले, पण सलग नव्हते. मध्येच खांब, मध्येच टपरी, मध्येच लावलेली चारचाकी. शंभर मीटर चांगला आणि मग एकदम चौक, असा मार्ग कोणी वापरत नाही. विशेषतः बायका आणि शाळकरी मुलं वापरत नाहीत, त्यांना शेवटचा चौकही सुरक्षित लागतो. म्हणून मी म्हणतो, जिथे स्टँड दाट टाकाल त्याच चार-पाच चौरस किलोमीटरमध्ये रस्त्यांवरच्या गाड्यांचा वेग कमी करा, पार्किंग हलवा. दोन्ही एकदम, एकाच भागात. आठशे किलोमीटरचा आराखडा फाईलमध्ये असण्यापेक्षा आठ किलोमीटर रस्त्यावर असलेले बरे.